परतसाहेब

त्यांच्याबद्दल कुणी चांगलं बोलायला लागलं की मला आधी राग येतो. मग थोड्या वेळानं वाटतं, बोलतात ते खरं आहे. पण राग आधी येतो, त्याला माझा इलाज नाही.

रत्नागिरीला मिरजोळ्याच्या औद्योगिक वसाहतीत डायोड बनवणारा एक लहानसा कारखाना होता. ऐंशीच्या दशकातली मधली वर्षं. घरोघर टीव्ही येऊ लागले होते, आणि टीव्ही म्हटला की त्यात डायोड आलेच. वीज एकाच दिशेनं जाऊ देणारी, तांदळाच्या दाण्याएवढी वस्तू. सिलिकॉनच्या पातळ गोल चकत्या बाहेरून यायच्या, आमच्याकडे त्या भट्टीत तापवायच्या, भट्टीतल्या वाफांमधून त्यांच्यात हवी ती द्रव्यं मुरवायची, आणि मग त्यांचे बारीक तुकडे करून डायोड तयार करायचे. मी फिजिक्स घेऊन बी.एस्सी. झाले होते. वडील कोर्टात कारकून. लग्न ठरेपर्यंत घरी बसून काय करणार, म्हणून मी त्या कारखान्याच्या टेस्टिंग रूममध्ये लागले. तिथे हे गृहस्थ मुख्य होते.

नाव सांगत नाही. कारखान्यात पाठीमागे सगळे त्यांना परतसाहेब म्हणत. कारण उघड होतं. आपण मोजायचं, आकडा सांगायचा, आणि त्यांनी मान वर न करता म्हणायचं, "परत." चुकलं तरी परत, बरोबर आलं तरी परत. कुठलं चुकलं आणि कुठलं बरोबर, हे सांगायचं नाही. पहिल्या महिन्यात त्यांच्या तोंडून मी दुसरा शब्द फारसा ऐकलाच नाही. घरी जाऊन जेवायला बसले आणि आई म्हणाली, "परत भात वाढू?" तर माझ्या अंगावर काटा आला.

साठीचे होते. सडसडीत, अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट, चष्म्याला मागून दोरी. उभा जन्म मुंबईच्या एका मोठ्या प्रयोगशाळेत गेलेला. निवृत्त झाल्यावर मूळ गावी केळशीला जाऊन बागायत बघणार होते म्हणे, पण तिथे भावाशी चार महिन्यांत वाजलं. कशावरून वाजलं ते मला नंतर कळलं: कलमांमधली अंतरं टेपनं मोजून यांनी भावाला दाखवून दिलं होतं की वडिलांनी लावलेली बाग वाकडी आहे. मग रत्नागिरीत एक खोली भाड्यानं घेऊन ते आमच्या कारखान्याच्या वाट्याला आले.

त्यांच्या टेस्टिंग रूमचे नियम ऐकून माझी आजी म्हणाली असती, सोवळ्याचं देवघर परवडलं. चपला बाहेर. हात साबणानं दोनदा. पावडर लावायची नाही. गजरा तर नाहीच नाही. आणि केसांना तेल लावायचं नाही. केस माझे कमरेपर्यंत. कोकणातल्या घामात तेल न लावता एवढे केस वागवायचे म्हणजे काय, ते बायकांनाच कळेल. आईचा तर संतापच झाला. "अगो, हा तुझा साहेब की सासू?" असं तिनं विचारलं. मी ते सरांना सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ते म्हणाले असते, परत.

'साधारण' हा शब्द त्यांना सहन होत नसे. चहावाला म्हणाला, "आणतो साधारण दहा मिनिटांत," की हे उठून बाहेर जायचे आणि तो निघून गेल्यावरच आत यायचे. एकदा एस.टी. स्टँडवर मी त्यांना चौकशीच्या खिडकीशी पाहिलं. आतला माणूस म्हणत होता, "येईल ना आता, एवढ्यात येईल." आणि हे विचारत होते, "एवढ्यात म्हणजे किती? पाच कमी-जास्त, की पंधरा कमी-जास्त?" मागे रांग खोळंबलेली. एका कोळणीनं डोक्यावरची पाटी खाली ठेवली आणि म्हणाली, "बाबा, तू चालतच जा कसा." मी खांबाआड झाले. ओळख दाखवायची हिंमत झाली नाही.

शिकवायचे मात्र, मनात आलं तर, सुंदर. ते मनात वर्षातून चार वेळा यायचं.

चार सुयांचं यंत्र त्यांनी मला शिकवलं तो दिवस मला आठवतो. एका रांगेत उभ्या चार सुया, स्प्रिंगवर बसवलेल्या. त्या चकतीवर अलगद टेकवायच्या. बाहेरच्या दोन सुयांतून वीज सोडायची, आणि आतल्या दोन सुयांमध्ये विजेचा दाब किती पडला ते बघायचं. त्यावरून चकती विजेला किती अडवते ते कळतं. मी विचारलं, दोन सुयांत भागत असताना चार कशाला? तेव्हा ते पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघून बोलले.

"सुई जिथं टेकते ना, तिथंही अडथळा असतो. दोनच सुया घेतल्यास तर चकतीचा अडथळा आणि टेकण्याचा अडथळा एकत्र मोजला जाईल. तुला वाटेल चकती वाईट. वाईट असेल तुझं टेकणं. म्हणून वीज नेणाऱ्या सुया वेगळ्या आणि बघणाऱ्या वेगळ्या."

हे इतकं स्वच्छ सांगितलं की मला वाटलं, आता हा माणूस शिकवणार. मी वही उघडली. ते म्हणाले, "आता पंचवीस वेळा मोज. तीच चकती, तोच मध्यबिंदू. मी जेवून येतो."

जेवण म्हणजे पेज आणि मेतकूट. ती खायला त्यांना बरोबर वीस मिनिटं लागत. मी नऊ वेळा मोजलं. सुया उचलायच्या, चकती फिरवायची, सुया टेकायच्या, मिनिटभर थांबायचं, दोन्ही आकडे वाचायचे. नवव्या वेळी माझ्या मानेला रग लागली. नऊच्या नऊ आकडे जवळपास सारखेच होते, किंचित इकडे, किंचित तिकडे. म्हटलं, पुढचेही असेच येणार. उरलेले सोळा आकडे मी मनानं लिहून काढले. किंचित इकडे, किंचित तिकडे. आणि मैत्रिणीबरोबर पॅकिंगमध्ये चहा प्यायला गेले.

परत आले तर सर आलेख कागदावर पेन्सिलीनं टिंबं काढत होते. पंचवीस टिंबं काढली. कागद माझ्यासमोर सरकवला.

"दहाव्यापासून तू चहा प्यायला गेलीस."

मी वही पुढे ओढली. "नाही सर, मी..."

"पहिली नऊ बघ. एक वर उडालंय, दोन खाली पडलीत, तीन एकापाठोपाठ एक वर गेलीत. आणि ही सोळा? एक वर, एक खाली, एक वर, एक खाली. शाळेतल्या मुलांची कवायत. खरी चकती इतकी शहाण्यासारखी वागत नाही."

मला वाटलं, आता मालकांकडे नेतील, गेली नोकरी. त्यांनी तसलं काही केलं नाही. मालकांना शब्दही बोलले नाहीत. पण तो कागद त्यांनी भिंतीवर माझ्या खुर्चीसमोर चिकटवला, आणि खाली सुवाच्य अक्षरात लिहिलं, "नऊ खरी, सोळा सुंदर." तो कागद दीड वर्ष तिथे होता. येणारा जाणारा विचारायचा, हे काय आहे? आणि सर शांतपणे सांगायचे, "या बाईंना विचारा." नोकरी गेली असती तर बरं झालं असतं असं मला त्या दीड वर्षात किती वेळा वाटलं असेल!

एकदा, असंच मनात आलं तेव्हा, त्यांनी तापलेलं सोल्डरिंग आयर्न चकतीला टेकवून मीटरचा काटा डावीकडे जातो की उजवीकडे, यावरून चकती कुठल्या जातीची ते ओळखायला शिकवलं. म्हणाले, गरम टोकापाशी विजेचे जे वाहक असतात ते थंड बाजूला पळतात, दुपारी पत्र्याच्या शेडमधून आपल्या बायका फणसाखाली जाऊन बसतात तसे. पळणारे कोण आहेत त्यावर काटा कुठे जाणार ते ठरतं. मी हसले. तेही हसले. मग त्यांना आपण हसलो हे लक्षात आलं असावं, कारण लगेच म्हणाले, "परत."

हे सगळं चाललं असताना भट्टीवर कदम होते.

कदम चाळिशीचे. पालीच्या पुढे आतल्या बाजूला त्यांचं गाव. मुंबईच्या गिरणीत बॉयलरवर होते, गिरणी बंद पडली तसे बायकामुलांत परत आले, आणि इथे भट्टीवर लागले. अबोल माणूस. हजारावर अंश तापणाऱ्या त्या भट्टीच्या नळीत क्वार्ट्झच्या होडीत चकत्या ठेवून आत सरकवायच्या, घड्याळ लावून बसायचं, आणि ठरल्या मिनिटाला बाहेर ओढायच्या. मिनिटाचाही फरक चालत नाही. चकती जास्त वेळ आत राहिली तर द्रव्य जास्त मुरतं, आणि आमच्या चार सुयांखाली तिचा अडथळा कमी भरतो.

दिवाळीनंतर कदमांच्या चकत्यांचा आकडा कमी यायला लागला. आधी थोडा, मग पाच टक्के, मग त्याहून जास्त. सर रोज आकडा लिहून वरती धाडायचे, खाली एक ओळ: 'चकत्या प्रमाणापेक्षा जास्त वेळ भट्टीत.' सुपरवायझर भट्टीवर जाऊन कदमांना झापायचा. कदम एके दिवशी आमच्या दाराशी येऊन उभे राहिले. चपला बाहेर काढून, हात धुऊन.

"साहेब, मिनिट इकडचा तिकडं झाला नाय. मी घड्याळ बघूनच काढतंय."

"मग भट्टीचं तापमान वाढलं असेल."

"ता पण बघतंय साहेब. दर तासाला लिवून ठेवलंय."

"कदम, मी काय सांगतोय, चकत्या जास्त मुरल्यात. मी एवढंच सांगतो. का, ते तुम्ही बघा."

कदम गेले. मी सरांना विचारलं, "सर, आपलंच मोजणं चुकत नसेल ना?"

त्यांनी कोपऱ्यातल्या सागवानी पेटीकडे बोट दाखवलं. तिच्यात त्यांचं 'स्टँडर्ड' होतं. दहा ओहमचा प्रमाणित रेझिस्टन्स, पितळी अग्रांचा, मुंबईहून त्यांनी स्वतःबरोबर आणलेला, सोबत सही-शिक्क्याचं प्रमाणपत्र. सुयांतून किती वीज जाते ते आम्ही रोज त्याच्यावरून ठरवायचो. पेटी दर सोमवारी मऊ फडक्यानं पुसली जायची. पुसायची त्यांनी. मला हात लावायची परवानगी नव्हती.

"ते आहे ना," ते म्हणाले.

एवढंच. जगातल्या प्रत्येक गोष्टीला परत म्हणणाऱ्या माणसानं त्या एका पेटीला परत म्हटलं नाही. हे मला तेव्हा कळलं असं मी म्हणणार नाही. तेव्हा मला नुसताच राग आला.

पुढच्या दोन खेपा तशाच निघाल्या. वरती निष्कर्ष निघाला, कदम पाळीत झोपतात. कुणीतरी त्यात भर घातली, पिऊन येतात. सर असं काही म्हणाले नव्हते. पण नाही असंही म्हणाले नाहीत. मी म्हटलं, "सर, तुम्ही मालकांना सांगा ना, कदमकाका झोपणारा माणूस नाही." ते म्हणाले, "माणसाबद्दल मला काय माहिती? मी मोजलंय का?" कदमांना काढलं. जाताना ते आमच्या खोलीवरून गेले, आत बघितलं नाही.

त्यांच्या जागी आलेल्या माणसानं शहाणपणा केला. सुपरवायझरच्या सांगण्यावरून त्यानं चकत्या ठरल्या वेळेच्या आधी काढायला सुरुवात केली. आमच्याकडे आकडा झकास येऊ लागला. सगळे खूश. आणि दीड महिन्यानं पुण्याच्या एका टीव्ही कंपनीचं पत्र आलं: तुमचे डायोड तापतात, आम्ही खेप परत पाठवत आहोत. पाठोपाठ दुसरं पत्र. मालकांनी आम्हाला बोलावून विचारलं, हे काय? सर म्हणाले, "माझ्या आकड्यांत चूक नाही."

त्या 'नाही'नं माझं डोकं फिरलं. मला खरं तर कदमांचं भलं करायचं नव्हतं. कारखान्याचंही नाही. मला एकदा, एकदाच, या माणसाला परत म्हणायला लावायचं होतं. शनिवारी मी कॉलेजात गेले, माझ्या जुन्या प्रयोगशाळा सहायकांना गळ घातली, आणि त्यांच्याकडचं दहा ओहमचं स्टँडर्ड रुमालात बांधून घेऊन आले. सोमवारी सर पेज खायला गेले तशी मी सागवानी पेटी उघडली. दोन्ही स्टँडर्ड एकामागोमाग जोडली, दोघांतून एकच वीज सोडली. दोघांवर दाब सारखा पडायला हवा होता. नव्हता. सरांच्या स्टँडर्डवर दहा टक्क्यांहून जास्त पडत होता.

 मी नऊ वेळा नाही, पंचवीस वेळा मोजलं. खरं पंचवीस वेळा.

सर आले तेव्हा पेटी उघडी होती. मी उभी राहून सगळं सांगितलं. मला वाटलं ओरडतील. ते म्हणाले, "परत."

मी परत मोजलं. "परत." मी परत मोजलं. मग त्यांनी मला बाजूला सारून स्वतः मोजलं. कॉलेजचं स्टँडर्ड पुढे, मग मागे. तारा बदलून. मीटर बदलून. चहा आला आणि निवून गेला. शेवटी त्यांनी पेचकस घेतला आणि आपल्या स्टँडर्डच्या पितळी अग्राचा स्क्रू काढला. त्याच्याखाली हिरवं होतं.

"कळकलंय," मी म्हटलं. पितळेच्या भांड्यात ताक राहिलं की होतं तसं. आमच्या घरी कुठल्याही बाईनं लांबूनही ओळखलं असतं. खाऱ्या हवेत ठेवलेलं पितळ कळकतं हे केळशीत जन्मलेल्या माणसाला माहीत नव्हतं असं नाही. पेटी ते पुसत होते. स्क्रू त्यांनी कधी काढला नव्हता.

त्यांनी नखानं तो हिरवा डाग खरवडून बघितला. मग म्हणाले, "टेकण्याचा अडथळा." सुयांतली वीज आम्ही होती त्याहून जास्त धरत होतो, म्हणून चकत्यांचा आकडा कमी भरत होता. मग त्यांनी विचारलं, "कधीपासून?"

हा त्यांचा खास स्वभाव. दुसऱ्या कुणी विचारलं असतं, आता काय करायचं? हे विचारत होते, कधीपासून? त्यांच्याकडे डब्यात जपून ठेवलेली एक जुनी चकती होती, दर महिन्याच्या पहिल्या तारखेला ते ती मोजून ठेवायचे. ती वही काढली. गणपतीपासून तिचा आकडा दर महिन्याला थोडा थोडा उतरत गेला होता. आणि दर महिन्याला सरांनी पुढे स्वतःच्या हातानं लिहिलं होतं, 'चकतीचा पृष्ठभाग खराब होत आहे.'

"चकतीला दोष दिला," ते म्हणाले. "मग कदमांना दिला."

पुढचे दोन दिवस त्यांनी माझा जीव खाल्ला. गणपतीपासूनच्या सगळ्या नोंदवह्या काढून प्रत्येक आकडा दुरुस्त करायचा, तांबड्या शाईनं, शेजारी 'चूक: स्टँडर्ड' असं लिहायचं आणि सही करायची. मी म्हटलं, सर, शेवटी एक टीप लिहू ना, सगळ्यांना मिळून. नाही. प्रत्येक. कदमांच्या त्या शेवटच्या तीन खेपा आल्या तेव्हा आकडेमोड मी केली. तिन्ही काटेकोर निघाल्या. इतक्या काटेकोर, की नवीन माणसाच्या एकाही खेपेला ते जमलं नव्हतं.

मालक समजूतदार होते, म्हणजे मालक असतात तितके. म्हणाले, "झालं ते झालं. नवीन स्टँडर्ड मागवा. कदमला निरोप धाडतो, यायचं तर येईल."

"निरोप नको," सर म्हणाले. "माझ्या आकड्यावर गेलाय तो. मी जातो."

आणि मग माझ्याकडे वळून, "तूही चल. मोजलंस तू."

रविवारी सकाळी आम्ही एस.टी.नं निघालो. पालीच्या पुढे उतरून चार किलोमीटर आत चालत. एप्रिल महिना, जांभ्याचा कातळ नुसता भाजत होता. सरांच्या पिशवीत तीन नोंदवह्या, आणि डब्यात कापसात गुंडाळलेली कदमांच्या खेपेतली एक चकती. मी म्हटलं, "सर, चकती कशाला?" म्हणाले, "पुरावा." मी बोलायचं सोडून दिलं.

कदम शेतात होते. पावसाआधी तरवा, म्हणजे भाताची रोपं, करायच्या जमिनीवर गवत, पातेरा अंथरून भाजतात, ते काम चाललं होतं. हातात हिरवी डहाळी घेऊन ते जाळाच्या कडेनं फिरत होते, जाळ जिथं पुढं सरकायला बघेल तिथं मारत होते. आम्हाला बघून थांबले. या म्हणाले नाहीत. बाकी माणसांवर जाळ सोपवून मुकाट्यानं आम्हाला घराकडे घेऊन गेले.

घरापुढच्या खळ्यात उभे असतानाच सरांनी सुरुवात केली. "कदम, चूक माझी होती. साडेदहा टक्के."

कदमांनी डोक्याचा पंचा सोडून तोंड पुसलं. "टक्के मला काय करायचे साहेब? इथं वाडीत समदी बोलतात, कदम पिऊन झोपतो म्हणून काढला. माझा भाऊस बोलतो. हिला पण वाटतंय." त्यांनी दाराकडे मान केली. दारात त्यांची बायको उभी होती, कमरेला पदर खोचून, हाताची घडी घालून. "मला सांगू नका. हिला सांगा."

सर तिच्याकडे वळले. आणि मला वाटलं, आता धरणी दुभंगावी आणि मला पोटात घ्यावं. कारण त्यांनी चार सुयांपासून सुरुवात केली. बाहेरच्या दोन कशासाठी, आतल्या दोन कशासाठी. डबा उघडून चकती दाखवली. स्टँडर्ड म्हणजे काय ते सांगितलं. वीज किती गेली हे कसं ठरवतात ते सांगितलं. भोवती वाडीतली माणसं जमू लागली. दोन बायका डोक्यावरची लाकूडफाटी उतरवून टेकल्या. एक म्हातारे कान पुढे करून ऐकत होते. सर नोंदवही उघडून तांबडी शाई दाखवत होते. "हा आधीचा आकडा, हा खरा आकडा. इथं बघा, गणपतीनंतर..." मी हळूच म्हटलं, "सर, थोडक्यात." ते म्हणाले, "थोडक्यात सांगितलं तर पटणार कसं?" पितळ, खारी हवा, स्क्रू, हिरवा डाग. टेकण्याचा अडथळा. अर्धा तास झाला असेल. त्यांचा शर्ट पाठीला चिकटला होता. मला तहान लागली होती, मागायची लाज वाटत होती.

ते थांबले. कुणाला काही कळलं नव्हतं.

मग कदमांची बायको म्हणाली, "म्हंजी हे झोपले नव्हते?"

सरांनी तोंड उघडलं. मला वाटलं, आता पुन्हा सुयांपासून. पण ते म्हणाले, "नाही."

"आनी दारू?"

"नाही. त्यांचं काहीच चुकलं नाही. माझं चुकलं."

तिनं त्यांच्याकडे एकदा नखशिखांत बघितलं. "मंग येवडाच सांगायचा होता ना मगाशी!"

कदम खाली बघत होते. गर्दीत मागे उभ्या असलेल्या भावाकडे त्यांनी बघितलं नाही, पण भाऊ मागच्या मागे निघून गेला हे मी पाहिलं. सरांनी विचारलं, "कदम, कामावर याल?" कदमांनी पंचा पुन्हा डोक्याला बांधला. "उद्या येतंय," कदम म्हणाले. "पन पाळीची वेळ मी लिवनार, आनी तुमी सही करायची." सर म्हणाले, "रोज करीन."

तेवढ्यात कदमांची बायको खळ्याच्या दगडी गडग्यापाशी गेली. पलीकडच्या घराकडे तोंड करून, अख्ख्या वाडीला जाईल अशा आवाजात तिनं हाक घातली:

"ओ काकी, आयकलाव काय? आमच्या माणसाची काय चूक नव्हती! या साहेबाचा काटा मोडलेला होता, काटा! वजनाचा!"

पलीकडून कुणीतरी ओरडून विचारलं, काय मोडलं होतं?

"काटा गो! तराजूचा! म्हातारा येऊन पाया पडतोय!"

मी सरांकडे बघितलं. ते कुणाच्या पाया पडले नव्हते. काटा मोडला नव्हता. तराजूचा तर या प्रकरणात संबंधच नव्हता. त्यांचे ओठ हलले. हात वर गेला, बोट पुढे झालं. 'परत' म्हणताना उठणारं हे बोट मी गेलं वर्षभर रोज पाहत होते.

मग ते बोट त्यांनी खाली घेतलं. वही मिटली, चकती कापसात गुंडाळून डब्यात ठेवली आणि डब्याचं झाकण लावलं. ती बाई तिकडे तिसऱ्या घराला तेच सांगत होती, आता त्यात काट्याच्या जागी दोन काटे झाले होते. सर तिथेच उन्हात उभे राहिले आणि तिचं सांगून होईपर्यंत ऐकत राहिले.